कागद का घसरतो, का अडतो? कागदाच्या घर्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रिंटर एकदम दोन ताव ओढतो, गोदामात खोक्यांची चळत तिरकी होते, चकचकीत कागदावर बॉलपेन उठत नाही. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचं मूळ कागदाच्या पृष्ठभागावरच्या घर्षणात असतं. कारण शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा कागदावर बोट फिरवून पाहतो. तिथेच तो चुकीच्या वाटेला लागतो, कारण बोटाला खडबड कळते, घर्षण कळत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा फिरून येईल.

घर्षणांक म्हणजे काय आणि कागदाचा साधारण किती असतो?

एका कागदावर दुसरा कागद ठेवा, त्यावर वजन ठेवा आणि वरचा कागद आडवा ओढा. ओढायला लागलेल्या जोराला वरच्या वजनाने भागलं की घर्षणांक मिळतो. त्याला एकक नसतं. कागद जागचा हलवण्यापुरता जो जोर लागतो त्यावरून स्थितिक घर्षणांक निघतो आणि हललेला कागद सरकता ठेवायला जो लागतो त्यावरून गतिक. स्थितिक बहुधा थोडा जास्त भरतो.

साध्या ऑफिसच्या कागदाचा स्वतःशीच असलेला घर्षणांक ०.४ ते ०.६ च्या आसपास असतो. मेणाचा हात फिरलेला कागद ०.२ पर्यंत उतरू शकतो.

आकडे छोटे दिसतात, पण गठ्ठ्यात त्यांचा पसारा वाढतो. ए-४ आकाराचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) एक ताव ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० तावांचं रिम अडीच किलोचं. घर्षणांक ०.५ धरला तर सगळ्यात वरचा ताव सरकवायला अडीच ग्रॅम वजनाइतका जोर पुरे. रिमच्या बरोबर मधला ताव ओढायचा तर त्याच्यावर सव्वा किलोचा भार आहे आणि घर्षण त्याच्या दोन्ही अंगांना आहे, म्हणून जोर लागतो सव्वा किलो वजनाइतका, वरच्या तावाच्या पाचशेपट. प्रिंटर आणि छपाईयंत्रं बहुधा गठ्ठ्याच्या वरूनच कागद का उचलतात, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

‘या कागदाचा घर्षणांक अमुक आहे’ असं म्हणता येतं का?

समोर दुसरं काय आहे ते सांगितल्याशिवाय नाही. घर्षण जोडीचं असतं. तोच ताव दुसऱ्या तावावर, रबराच्या रोलरवर, पोलादी पत्र्यावर आणि बोटावर वेगवेगळा वागतो. शिवाय कागदाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. लगदा जाळीवर पसरून पाणी निथळताना बारीक कण आणि खनिज भुकटी दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. म्हणून चांगल्या चाचणी-अहवालात कोणती बाजू कोणत्या बाजूवर घासली आणि कागदयंत्राच्या दिशेने घासली की आडव्या दिशेने, हे लिहिलेलं असतं. नुसता एक आकडा दिलेला असेल तर तो जपूनच वापरावा.

खरखरीत कागदाचं घर्षण जास्त आणि गुळगुळीत कागदाचं कमी, इतकं सोपं आहे ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा याच प्रश्नावर होतो.

घर्षण म्हणजे दोन पृष्ठभागांवरचे उंचवटे एकमेकांत अडकणं, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच संशोधक गिलोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये दोन नियम मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसतं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांनी अठराव्या शतकात हे काम वाढवलं. स्पष्टीकरण मात्र बराच काळ उंचवट्यांच्या अडकण्याचंच चाललं. विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी दाखवलं की दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात फार थोड्या बिंदूंवर टेकतात. त्या बिंदूंवर पदार्थ दाबला जातो आणि समोरच्याला रेणूंच्या पातळीवर चिकटतो. हे चिकटणं तोडण्यात घर्षणाचा मोठा भाग खर्च होतो.

कागदाला हे चांगलं लागू पडतं. कागदाचे उंचवटे दगडासारखे कडक नसतात. ते म्हणजे चपटे झालेले, वाकणारे, दबणारे तंतू. समोरच्या तावावरच्या खाचेत अडकून बसण्याइतके ते ताठ नाहीत. त्यामुळे कागदावर कागद घासताना खडबडीचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो. कॅलेंडरमधून, म्हणजे दाब देणाऱ्या जड रुळांमधून, कागद गुळगुळीत करून काढला तरी त्याचं घर्षण त्या प्रमाणात खाली येत नाही. काही वेळा उलट होतं: पृष्ठभाग सपाट झाल्याने टेकणारे बिंदू वाढतात आणि घर्षण थोडं चढतं.

खडबड महत्त्वाची ठरते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे समोरची वस्तू टणक आणि टोकदार असेल तेव्हा, जसं पेन्सिलीचं किंवा निबचं टोक. दुसरं म्हणजे दोन तावांमध्ये हवा अडकते तेव्हा. या दोन्हींबद्दल पुढे येईल.

मग कागद-कागद घर्षण ठरवतं कोण?

सगळ्यात बाहेरचा, काही रेणूंच्या जाडीचा थर. तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला जाणवत नाही.

कागदाचा मुख्य पदार्थ सेल्युलोज. स्वच्छ सेल्युलोजवर सेल्युलोज घासलं तर घर्षण बऱ्यापैकी जास्त असतं. पण लाकडात सेल्युलोजच्या जोडीला थोड्या प्रमाणात तेलकट, राळेसारखे पदार्थही असतात: मेदाम्लं, राळाम्लं, मेद, स्टेरॉल. लगदा शिजवताना आणि धुताना यांतलं बरंच निघून जातं, तरी काही अंश उरतो. तो उरलेला अंश कागदाच्या आत सारखा विखरून राहत नाही, पृष्ठभागावर पसरतो. वजनाने पाहिलं तर तो नगण्य असतो, पण घर्षण पृष्ठभागावरच घडत असल्याने त्याचं पारडं जड होतं.

यातही सगळे पदार्थ सारखे नाहीत. पामिटिक किंवा स्टिअरिक आम्लासारखी सरळ, लांब साखळीची संपृक्त मेदाम्लं सगळ्यात परिणामकारक वंगण ठरतात. त्यांचं एक टोक सेल्युलोजला धरून राहतं आणि कार्बनची लांब शेपटी बाहेरच्या बाजूला उभी राहते. असे रेणू शेजारी शेजारी दाटीने उभे राहिले की दोन तावांमधली सेल्युलोज-सेल्युलोज गाठ पडतच नाही, शेपट्यांवर शेपट्या सरकतात. साखळी जितकी लांब आणि सरळ तितका थर घट्ट. ओलेइक आम्लासारख्या असंपृक्त रेणूच्या साखळीत वाक असतो, म्हणून त्याचा थर तितका नीट रचला जात नाही. पाइनसारख्या झाडांतल्या राळाम्लांचे रेणू तर वलयांचे, जाडजूड. त्यांना असं ओळीत उभं राहता येत नाही आणि त्यांचा वंगण म्हणून फारसा उपयोग होत नाही.

याचा पडताळा सोपा आहे. अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने कागदातले हे तेलकट पदार्थ धुऊन काढले की त्याच कागदाचं घर्षण वाढतं. खडबड तीच, तंतू तेच, बदलला तो फक्त वरचा थर.

हे रेणू एका जागी बसूनही राहत नाहीत. गठ्ठ्यात दाबून ठेवलेल्या तावांवरून ते शेजारच्या तावांवर जातात. म्हणून ताज्या कागदाचा आकडा आणि साठवलेल्या कागदाचा आकडा जुळला नाही तर लगेच यंत्रावर शंका घेऊ नये.

शाई फुटू नये म्हणून केलेल्या सायझिंगचा परिणाम होतो का?

होतो, आणि कोणतं सायझिंग वापरलं यावर तो ठरतो.

कागदाने पाणी चटकन शोषू नये म्हणून लगद्यात पाणी झटकणारा पदार्थ घालतात, त्याला सायझिंग म्हणतात. जुनी पद्धत राळ आणि तुरटीची. तीत कागद आम्लधर्मी होत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच गिरण्या अल्कधर्मी पद्धतीकडे वळल्या. त्यामुळे स्वस्त कॅल्शियम कार्बोनेट भरता येऊ लागलं आणि कागद पिवळा पडून ठिसूळ होण्याचा वेगही कमी झाला. या नव्या पद्धतीत अल्काइल किटीन डायमर, म्हणजे एकेडी, हा पदार्थ भरपूर वापरला जातो. एकेडी बनतं लांब साखळीच्या मेदाम्लांपासून. मागच्या उत्तरातलं लक्षात असेल तर पुढचं सांगायला नको: तंतूंना न बांधला गेलेला एकेडी आणि त्याचं पाण्याशी संयोग होऊन बनलेलं रूप पृष्ठभागावर मेणासारखं काम करतं आणि कागद निसरडा होतो.

राळेच्या सायझिंगमध्ये ही अडचण सहसा येत नाही. कारण तेच, राळाम्लांचा जाडजूड रेणू. भर वेगाच्या यंत्रावर कागद अचानक सरकू लागला आणि गिरणीने ‘काहीच बदललं नाही’ असं सांगितलं, तर सायझिंगची मात्रा आधी विचारावी. माझ्या मते हा प्रश्न खडबडीच्या आकड्याआधी विचारायला हवा.

कागदात भरलेली खनिज भुकटी आणि वरचं कोटिंग यांचं काय?

छपाईच्या कागदात कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती, शंखजिरे अशी बारीक भुकटी भरतात. कागद पांढरा, अपारदर्शक आणि सपाट व्हावा हा हेतू. घर्षणाच्या बाबतीत यांचे स्वभाव वेगळे आहेत. शंखजिरे पापुद्र्यांचं आणि अतिशय मऊ, खनिजांचा टणकपणा सांगणाऱ्या मोहस् मापावर १. त्याचे पापुद्रे एकमेकांवर सरकतात, म्हणून ते कागद निसरडा करतं. सिलिका टणक आणि कणीदार, ती घर्षण वाढवते. कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, ३ वर, मधे कुठेतरी.

कोटिंग केलेल्या कागदात तंतू झाकले जातात आणि घर्षण कोटिंगच्या मिश्रणावर जातं. त्यात रंगद्रव्य आणि बांधणारा चिकट पदार्थ असतोच, पण बरेचदा कॅल्शियम स्टिअरेटसारखं वंगणही घालतात, म्हणजे रुळांमधून जाताना भुकटी उडत नाही. पावतीच्या थर्मल कागदातही मेण किंवा झिंक स्टिअरेट असतं, नाहीतर तापलेला छपाईचा माथा कागदाला चिकटेल. पावती बोटांना जरा बुळबुळीत लागते ती यामुळेच.

छापल्यावर गणित आणखी बदलतं. ऑफसेटच्या शाईत खरचटणं टाळायला मेण घातलेलं असतं. बऱ्याच लेझर टोनरमध्येही मेण असतं, कारण तापवणाऱ्या रुळाला टोनर चिकटू द्यायचा नसतो. म्हणून एका बाजूला छापलेला ताव दुसऱ्या बाजूसाठी परत घातला तर तो कोऱ्या तावासारखा वागेलच असं नाही.

पुनर्वापरातून बनवलेला कागद जास्त निसरडा असतो म्हणतात, ते खरं का?

बरेचदा खरं असतं. रद्दीच्या लगद्यातून शाई काढताना त्यात हवेचे बुडबुडे सोडतात आणि शाईचे कण बुडबुड्यांना धरून वर यावेत म्हणून मेदाम्लांचा साबण घालतात. त्या साबणाचा अंश लगद्यात उरतो. शिवाय रद्दीसोबत जुन्या कागदावरचं मेण, कोटिंग, चिकटपट्ट्यांचा गोंद असं बरंच काही येतं. तंतू वारंवार वापरले गेल्यामुळे कागद घसरतो असं काही जण सांगतात, पण मुख्य दोषी त्या तंतूंवर बसलेला साबणाचा थर असतो.

दमट हवेत कागद जास्त अडतो की कमी?

कागद-कागद घर्षण दमटपणाबरोबर वाढतं. तंतू पाणी धरतात, मऊ पडतात, दाबाखाली जास्त पसरतात आणि टेकणारं खरं क्षेत्रफळ वाढतं. शिवाय ओलसर कागद कडेला फुगतो, त्याला लाटा येतात, मग अडचण घर्षणाची की आकाराची हे वेगळं काढणं कठीण जातं. म्हणूनच कागदाच्या चाचण्या २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत करायचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि कागद आधी त्या हवेत पुरेसा वेळ ठेवावा लागतो.

पण आमच्याकडे तर कोरड्या हवेत ताव जास्त चिकटतात!

ते घर्षण नव्हे, स्थिर वीज आहे. कोरडा कागद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे घासून तयार झालेला विद्युतभार त्याच्यावरच बसून राहतो आणि ताव एकमेकांकडे ओढले जातात. ओळखायची खूण सांगतो. ताव आडवा सरकवताना अडत असेल तर घर्षण. वर उचलताना खालचा ताव सोबत येत असेल, तर बहुधा वीज, नाहीतर कापताना कडा एकमेकींत दबून चिकटल्या आहेत. विजेवर उपाय हवेत थोडा ओलावा आणण्याचा. चिकटलेल्या कडांवर गठ्ठा वाकवून, फरफर सोडून, तावांमध्ये हवा खेळवण्याचा. लेझर प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद तापून कोरडा झालेला असतो, त्याच्यावर वीज हमखास असते.

तोच कागद दोनदा मोजला तर आकडा वेगळा येतो. यंत्र बिघडलं का?

बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. कागदाला स्वतःचा इतिहास असतो आणि तो प्रत्येक घासणीत बदलतो.

त्याच दोन पट्ट्या त्याच दिशेने पुन्हा पुन्हा घासल्या तर पहिल्या वेळचं घर्षण सगळ्यात जास्त भरतं, पुढे ते उतरत जातं आणि काही घासण्यांनंतर स्थिरावतं. गंमत पुढे आहे. आता दिशा उलटी केली की घर्षण पुन्हा वर उसळतं. मखमलीवर हात एका अंगाने फिरवला तर सरळ जातो, उलटा फिरवला तर लव उभी राहून अडवते, तसंच काहीसं कागदाच्या पृष्ठभागावरच्या तंतूंचं होतं. म्हणजे पृष्ठभाग नुसता झिजत असता तर दिशा बदलल्यावर आकडा परत चढला नसता.

यामुळेच आयएसओ १५३५९ या मानकात पहिल्या घासणीचा आणि तिसऱ्या घासणीचा आकडा वेगळा धरतात. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळत नसतील तर कितव्या घासणीचा आकडा कुणी दिलाय, ते आधी पाहावं.

बाकीच्या खोड्या नेहमीच्या: पट्टीला बोट लागलं की त्वचेचं तेल लागतं आणि घर्षण पडतं, म्हणून पट्टी कडेनेच धरायची. ठेवून दिलेल्या पट्ट्या लगेच घासलेल्या पट्ट्यांपेक्षा जास्त अडतात, कारण दाबाखाली वेळ गेला की टेकणारं क्षेत्रफळ हळूहळू वाढत राहतं.

घरी अंदाज घेता येईल का?

येईल, आणि तोही बऱ्यापैकी. एका फळीवर एक कागद ताणून चिकटवा. दुसरा कागद एखाद्या सपाट, जड ठोकळ्याच्या तळाला चिकटवा. ठोकळा फळीवर ठेवून फळीचं एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागला की तिथेच थांबा आणि फोनमधल्या कोनमापकाने कोन बघा. त्या कोनाची टॅन्जंट हाच स्थितिक घर्षणांक. १७ अंशाला ०.३१, २२ अंशाला ०.४०, २७ अंशाला ०.५१, ३१ अंशाला ०.६०.

ठोकळा किती जड आहे याने निकालात फारसा फरक पडत नाही, आमोंतोंचा नियम तिथे मदतीला येतो. ठोकळा उंच नको, नाहीतर घसरण्याआधी उलटेल. आणि फळी झटके न देता उचला. उतरत्या पाटाची ही पद्धत खोक्यांच्या उद्योगातही रीतसर वापरली जाते. प्रत्येक वेळी नव्या पट्ट्या घ्यायच्या की त्याच वापरायच्या, हे आधी ठरवा आणि मग बदलू नका.

पान उलटताना बोट ओलं का करावं लागतं?

कोरड्या त्वचेचा वरचा थर कडक असतो, तो कागदावर थोड्याच बिंदूंवर टेकतो. थोडा ओलावा मिळाला की तो थर मऊ होऊन कागदाला लगडतो आणि पकड वाढते. टणक, न शोषणाऱ्या पृष्ठभागावर पाणी जास्त झालं तर त्याचा पडदा होऊन उलट घसरायला होतं. कागद मात्र जादा पाणी पिऊन टाकतो. नोटा मोजणारे ग्लिसरीनचा लेप असलेली डबी वापरतात. ग्लिसरीन पाण्यापेक्षा हळू सुकतं, इतकाच त्यातला फायदा.

प्रिंटर दोन ताव एकदम ओढतो किंवा एकही ओढत नाही. दोष कागदाचा की यंत्राचा?

कागद उचलण्याची सगळी करामत तीन घर्षणांच्या क्रमावर उभी आहे. रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सगळ्यात जास्त असायला हवं. खाली ताव अडवून धरणारी जी गादी असते, तिचं कागदाशी घर्षण त्याहून कमी. कागद-कागद घर्षण सगळ्यात कमी. मग रोलर वरचा ताव पुढे नेतो आणि सोबत आलेला दुसरा ताव गादी मागे धरते. क्रम बिघडला की घोटाळा.

एकही ताव उचलला जात नसेल तर बहुधा रोलरच्या रबरावर कागदाची खनिज भुकटी बसलेली असते, किंवा रबर जुनं होऊन कडक आणि चकचकीत झालेलं असतं. यंत्र बंद करून धागे न सुटणाऱ्या, किंचित ओल्या फडक्याने रोलर पुसला की भुकटीचा प्रश्न सुटतो. कडक झालेलं रबर पुसून परत मऊ होत नाही, ते बदलावंच लागतं. दोन-दोन ताव येत असतील तर आधी गादी झिजली आहे का पाहा, मग कागदाकडे वळा: तो ओलसर आहे का, त्याच्यावर वीज आहे का, कडा चिकटल्या आहेत का.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कागद एकाच ट्रेमध्ये मिसळू नयेत, ही सूचना लोक हसण्यावारी नेतात. पण एका तावावर सायझिंगचा मेणचट थर आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की यंत्राला प्रत्येक ताव नवा. कागद थोडा निसरडा असला तरी यंत्र सांभाळून घेतं, तावागणिक बदलणारं घर्षण त्याला झेपत नाही.

चकचकीत कागदावर बॉलपेन का उठत नाही?

बॉलपेनच्या टोकाची गोळी कागदाच्या घर्षणाने फिरते. ती फिरली तरच मागची शाई पुढे येते. पृष्ठभाग निसरडा किंवा तेलकट असेल तर गोळी फिरण्याऐवजी घसरते आणि रेघ तुटते. हाताचा तळवा टेकून टेकून वहीच्या पानाचा खालचा भाग असाच तेलकट होतो. तिथे पेन अडखळलं तर पेनला दोष देण्याआधी दुसऱ्या पानावर लिहून पाहा.

पेन्सिलीचं वेगळं. ग्राफाइट मऊ आणि पापुद्र्यांचं. ते कागदावर उतरायला पृष्ठभागाने त्याला खरवडावं लागतं. इथे खडबडीला खरा भाव आहे. चित्रकलेच्या कागदाला दाणा असतो तो याचसाठी, आणि गुळगुळीत कोटिंगवर पेन्सिल फिकी उमटते तीही याचमुळे.

पत्ते इतके सहज कसे सरकतात?

वार्निशचा थर आणि त्याखाली बारीक जाळीदार ठसा. त्या खळग्यांमुळे दोन पत्ते कमी जागी टेकतात आणि मधे हवा राहते. पत्ते पिसताना ही हवाच कामाला येते. बोटांचा मळ खळग्यांत भरला की कॅट जड होते.

हवेचा हाच खेळ मोठ्या यंत्रांवर तापदायक ठरतो. गुळगुळीत, हवा आत न घेणारा कागद वेगाने रोलवर गुंडाळताना थरांमध्ये हवा ओढली जाते. थर त्या हवेवर तरंगतात, घर्षण जवळजवळ नाहीसं होतं आणि रोल दुर्बिणीसारखा एका बाजूला निसटून बाहेर येतो. मग ताण वाढवावा लागतो किंवा दाबरूळ लावून हवा बाहेर काढावी लागते. खरखरीत, सच्छिद्र कागदाला हा त्रास कमी, कारण हवा त्याच्या खाचांतून आणि छिद्रांतून निघून जाते.

खोकी आणि कागदी पोती एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून काय करतात?

पुठ्ठ्याच्या किंवा पोत्याच्या कागदाच्या बाहेरच्या अंगाला कलिली सिलिकाचं पातळ द्रावण लावतात. कण नॅनोमीटरच्या मापाचे असतात, वाळल्यावर दिसतही नाहीत, बोटालाही जाणवत नाहीत, पण उतारावर चळत कुठल्या कोनाला सुटते ते त्यांच्यामुळे बदलतं. मात्रा वाढवत नेली तर कापणाऱ्या पात्यांची धार लवकर जाते, म्हणून हात आखडता ठेवतात. पुनर्वापराच्या पुठ्ठ्याला याची गरज जास्त पडते, कारण तो मुळातच निसरडा.

दोन वह्यांची पानं एकाआड एक गुंफली तर त्या ओढून सुटत नाहीत. गोंद नसताना हे कसं?

गुंफलेल्या भागात पानांची संख्या दुप्पट होते, म्हणजे जाडीही दुप्पट. त्यामुळे प्रत्येक पान शिवणीपासून गुंफणीपर्यंत थोडं तिरकं जातं, कडेची पानं सगळ्यात जास्त. वह्या ओढल्या की तिरक्या पानांवरच्या ताणाचा एक भाग आतल्या बाजूला दाब देतो. दाब वाढला की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की आणखी जोराने ओढावं लागतं, आणि ओढण्याने दाब पुन्हा वाढतो. फ्रान्स आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात याचं गणित मांडलं. पानांची संख्या, पानाची जाडी आणि गुंफणीची लांबी यांवरून लागणारा जोर काढता येतो, आणि पानं वाढत गेली की तो झपाट्याने चढतो.

करून पाहायचं असेल तर आधी दहा-दहा पानांच्या पातळ वह्या घ्या, मग वीस-वीस, मग चाळीस-चाळीस. पानं नीट एकाआड एक बसवा आणि शिवणीला धरूनच ओढा. जाड वह्यांच्या वेळी पानांआधी बहुधा शिवण सुटते. वह्या सोडवायच्या असतील तर ताण न देता एकेक पान उचलत जा.